शिलाई वेळेत, माल मात्र उशिरा : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. तयार कपड्यांच्या छोट्या कारखान्यात कापड येण्यापासून माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतचे सगळे काम नीट चालले आहे की नाही, हे कशावरून ठरवावे, असे चौघांनीही आपापल्या परीने विचारले आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला बराच भाग बाकीच्या तिघांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : जळगाव येथे आमचा शालेय गणवेशाचा कारखाना आहे. २८ शिलाई यंत्रे आहेत, शिवाय आसपासच्या गावांतील महिलांना आम्ही कापलेला माल घरी शिवण्यासाठी देतो. पँटचे कापड भीलवाड्याहून आणि शर्टाचे भिवंडीहून येते. गिऱ्हाईक म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील दुकानदार आणि काही शाळा. मागणी वाढली आहे, दर यंत्रामागे निघणारे नगही वाढले आहेत. तरीही जूनमध्ये माल उशिरा जातो, दुकानदार नाराज होतात, आणि ऑगस्टमध्ये पाहावे तर गोदामात माल पडून असतो व बँकेची कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मर्यादा संपलेली असते. एका सल्लागारांनी पुरवठा साखळीची कामगिरी मोजण्यासाठी ४० निर्देशांकांचा तक्ता करून दिला आहे. तो भरायला आमच्याकडे माणूस नाही. नेमके काय मोजावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तो तक्ता चुकीचा नसावा, पण तो आपल्या आकाराच्या कारखान्यासाठी नाही. अशा तक्त्यांचे मूळ बहुधा ‘स्कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आराखड्यात असते. अमेरिकेत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सप्लाय चेन कौन्सिलने तो रूढ केला. त्यात पुरवठा साखळीकडे पाच बाजूंनी पाहिले जाते : दिलेला शब्द पाळला जातो का, किती लवकर पाळला जातो, मागणी अचानक बदलली तर जुळवून घेता येते का, या सगळ्याला खर्च किती येतो आणि त्यात पैसा किती अडकून राहतो. हे पाचही प्रश्न २८ यंत्रांच्या कारखान्याला पुरेपूर लागू पडतात. मात्र त्यांच्याखाली मोठ्या कंपन्यांसाठी जी आकड्यांची रांग लावलेली असते, तिच्यातला जो आकडा पाहून आपला कोणता निर्णय बदलेल हे सांगता येत नाही, तो जमवण्यात वेळ घालवू नये. माझ्या मते आपण चारच गोष्टी मोजाव्यात, आणि त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीवर सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण आपल्या पत्रातले दुखणे तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर आणि पूर्ण गेलेल्या ऑर्डरींचे प्रमाण. हे मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे नगांवरून टक्केवारी काढली जाते. समजा, १० दुकानदारांच्या ऑर्डरी होत्या आणि प्रत्येकाला ९५ टक्के माल वेळेत मिळाला. नगांच्या हिशेबाने कामगिरी ९५ टक्के दिसते, पण एकाही दुकानदाराची ऑर्डर पूर्ण झालेली नसते. गणवेशात तर राहिलेले ५ टक्के बहुधा एखाद्याच मापाचे असतात, आणि ज्या आईला २८ मापाची पँट हवी आहे तिला ३० आणि ३२ चे गठ्ठे दाखवून काही उपयोग नसतो. म्हणून मोजणीचे एकक नग नव्हे, ऑर्डर हे धरावे. दुसरी फसगत तारखेची. ऑर्डर घेताना १ जून सांगितलेले असते, मग फोनवर १० जून ठरते, आणि १० जूनला माल गेला की तो ‘वेळेवर’ म्हणून नोंदवला जातो. पहिली कबूल केलेली तारीख शाईने लिहावी आणि ती कधीही खोडू नये. बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात लिहावी. तारीखही माल ट्रान्सपोर्टकडे दिल्याची नव्हे, तर दुकानात पोहोचल्याची धरावी. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) फाडली गेली म्हणजे दुकानदाराची गरज भागली असे होत नाही.

याच हिशेबात आणखी दोन गोष्टी मिळवता येतात : माल बिनदोष पोहोचला का, आणि बिल, माप व संख्या यांत चूक नव्हती ना. या चार कसोट्या एकमेकींशी गुणल्या की खरे चित्र समोर येते. समजा, ९० टक्के ऑर्डरी वेळेवर, ९० टक्के पूर्ण, ९५ टक्के बिनदोष आणि ९५ टक्के बिनचूक कागदपत्रांसह गेल्या. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर समाधान वाटते, पण या उणिवा वेगवेगळ्या ऑर्डरींत विखुरलेल्या असतील तर चारही कसोट्यांना उतरणाऱ्या ऑर्डरी सुमारे ७३ टक्केच भरतात. दर चौथा दुकानदार कशाने ना कशाने तरी खट्टू झालेला असतो.

आता दुसरी आणि मुख्य गोष्ट : माल कुठे आणि किती दिवस थांबून राहतो. आपण यंत्रामागचे नग मोजता आणि ते वाढले आहेत, यात शंका नाही. परंतु एका शालेय शर्टाची प्रत्यक्ष शिलाई साधारण अर्ध्या तासाच्या आत संपते, आणि तरीही कापलेला शर्ट खोक्यात जायला कित्येक दिवस लागतात. म्हणजे उरलेला सगळा काळ तो कुठेतरी पडून असतो : कटिंगच्या टेबलाखाली, घरी शिवणाऱ्या बाईंच्या कपाटात, काज-बटणाच्या यंत्रापुढच्या ढिगात किंवा प्रेसच्या रांगेत. यंत्रांचा वेग वाढवला की हे ढीग कमी होत नाहीत. पुढचे काम तितक्याच गतीने चालत नसेल तर ते उलट वाढतात.

हे मोजण्यासाठी घड्याळ घेऊन उभे राहण्याची गरज नाही. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम यासाठी पुरेसा आहे. प्रक्रियेत सरासरी जितके नग अडकलेले आहेत, त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागले की एका नगाला लागणारे सरासरी दिवस मिळतात. कटिंग झालेले पण पॅक न झालेले ३,००० नग कारखान्यात व बाहेर मिळून असतील आणि रोज २०० नग पॅक होत असतील, तर आज कापलेला माल सरासरी १५ कामाच्या दिवसांनी तयार होणार. अशा वेळी दुकानदाराला ‘आठवड्यात देतो’ असे सांगणे म्हणजे त्याला आणि स्वतःलाही अडचणीत टाकणे होय. दर शनिवारी संध्याकाळी चार ठिकाणचे नग मोजावेत : कापून ठेवलेले पण शिवायला न दिलेले, बाहेर घरी दिलेले, शिवून आलेले पण काज-बटण व धागाकटाई राहिलेले, आणि तयार असूनही पॅक न झालेले. प्रत्येक ढिगाला रोजच्या पॅकिंगच्या आकड्याने भागले की तो ढीग किती दिवसांचा आहे हे कळते. महिनाभर हे केले की कुठला ढीग सतत मोठा राहतो ते आपोआप दिसते, आणि नवे यंत्र घ्यायचेच असेल तर ते कुठल्या कामाचे घ्यावे हेही ठरते. पुष्कळदा उत्तर शिलाई यंत्र हे नसतेच. काज-बटणाचे एक जादा यंत्र किंवा प्रेसचे एक जादा टेबल पुरते.

ढीग का साचला याचे कारणही शेजारी एका शब्दात लिहावे. माझा अंदाज आहे की ‘सामान अपुरे’ हे कारण वारंवार येईल. कापड आले म्हणून कटिंग मास्टर ले (कापडाचे एकावर एक थर) लावून कापून मोकळा होतो, पण शाळेचे बोधचिन्ह, झिप, इलास्टिक किंवा बटणे आलेली नसतात, आणि शेकडो नग एका वस्तूसाठी अडून बसतात. झिपपासून लेबलपर्यंत सगळा संच हाती आल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा एक नियम केला तरी बराच फरक पडेल. कटिंगचा आकडा काही दिवस कमी दिसेल, आणि त्याची चिंता करू नये.

घरी दिलेल्या मालाच्या प्रत्येक बंडलासोबत एक चिठ्ठी असावी, तिच्यावर दिल्याची व परत आल्याची तारीख. इथे खानदेशातले एक वास्तव हिशेबात धरलेच पाहिजे. गणवेशाची गर्दी एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत असते, आणि ऐन त्याच काळात आखाजी (अक्षय्य तृतीया) येते. सासुरवाशिणी माहेरी जातात, लग्नसराई असते, आणि दुपारच्या उन्हात पत्र्याखाली बसून शिवणे अवघड होते. या दिवसांत बंडल परत यायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले तर तो त्या महिलांचा आळस नव्हे, आपल्या नियोजनातली उणीव आहे. आखाजीचा सण दरवर्षी येतो आणि त्याची तारीख पंचांगात छापलेली असते. म्हणून वर्षाची सरासरी काढू नये. एप्रिल ते जूनचे आठवडे वेगळे मोजावेत, मागील वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहावेत आणि त्यानुसार पांढरे शर्ट, निळ्या पँट अशा कोणत्याही शाळेला चालणाऱ्या मालाची शिलाई जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करावी.

तिसरी गोष्ट कापडाची. गणवेशाच्या खर्चात अर्ध्याहून अधिक वाटा बहुधा कापडाचा असतो, पण बहुतेक ठिकाणी लक्ष मात्र शिलाईच्या दरावर असते. मार्कर (कापडावर भाग कसे बसवायचे त्याचा आराखडा) लावताना ठरलेले प्रति नग कापड आणि पॅक झालेल्या नगांवरून निघणारे प्रत्यक्ष कापड यांतला फरक प्रत्येक लॉटला काढावा. समजा, मार्करप्रमाणे एका शर्टाला सरासरी १.४० मीटर लागायला हवे होते. १,००० मीटर कापडातून चांगले, विकता येण्याजोगे ६८० शर्ट पॅक झाले, म्हणजे प्रत्यक्षात १.४७ मीटर लागले. कापडाचा भाव १२० रुपये मीटर असेल तर प्रत्येक शर्टामागे सुमारे साडेआठ रुपये गेले. ते चिंधीत गेले, ताक्यात मुळातच कमी भरले, की बाद नगांत गेले, हे शोधणे पुढचे काम. मात्र मापांचे मिश्रण वेगळे असलेल्या दोन लॉटची थेट तुलना करू नये. २४ मापाच्या आणि ३८ मापाच्या शर्टाला लागणारे कापड सारखे नसते.

चौथी गोष्ट पैशाची. कापडाचे पैसे दिल्यापासून दुकानदाराकडून वसूल होईपर्यंत किती दिवस जातात, हा एकच आकडा आपल्या कॅश क्रेडिटचे कोडे सोडवील. माल व कापड मिळून साठ्याचे दिवस, अधिक उधारीचे दिवस, वजा आपण कापड व्यापाऱ्याचे पैसे द्यायला लावलेले दिवस, असा तो निघतो. साठा ७५ दिवसांचा, उधारी ६० दिवसांची आणि कापडवाल्याने दिलेली मुदत ३५ दिवसांची असेल, तर पैसा १०० दिवस अडकतो. आपला रोजचा उत्पादनखर्च २५,००० रुपये असेल, तर ढोबळ मानाने २५ लाख रुपये सतत गुंतलेले राहतील, आणि यातले १० दिवस कमी झाले तर अडीच लाख रुपये मोकळे होतील. विक्री वाढते आणि पैसा मात्र दिसत नाही, याचे कारण इथे आहे : दिवस तेवढेच राहिले आणि धंदा वाढला, तर अडकणारी रक्कमही त्याच प्रमाणात वाढते.

साठा मोजताना एकच आकडा धरू नये. कोणालाही विकता येईल असा माल आणि विशिष्ट शाळेचा चौकडा किंवा बोधचिन्ह असलेला माल हे वेगळे ठेवावेत. पांढरा शर्ट पुढच्या जूनला जातो, पण शाळेने गणवेश बदलला तर चौकड्याचा शर्ट कुठेच जात नाही. ३१ जुलैला शाळानिहाय व मापनिहाय शिल्लक लिहून ठेवली, तर पुढच्या वर्षी कोणते माप किती कापायचे याचा तो सर्वांत भरवशाचा आधार ठरेल. त्यासोबत जूनमध्ये कोणती मापे संपून गेली आणि दुकानदाराला नाही म्हणावे लागले, याचीही नोंद हवी. विक्रीची वही फक्त विकले गेलेले दाखवते; मागितले गेले आणि मिळाले नाही, ते तिच्यात उतरत नाही.

उधारीबाबत एक कायदेशीर आधार माहीत असावा. आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेली असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी ठरलेले नसेल तर मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. वर्षानुवर्षांच्या दुकानदारावर थेट दावा लावावा असे मी म्हणणार नाही, पण देय तारीख आणि ही तरतूद बिलावर छापलेली असेल तर बोलणी त्या तारखेपासून सुरू होतात, दुकानदाराच्या सवडीपासून नव्हे.

प्रश्न : आम्ही धुळ्यात परकर आणि गाऊन शिवतो. मालेगावातून कोरे कापड घेऊन ते राजस्थानात पाली-बालोतरा भागात रंगवून घेतो. मालेगाव आमच्यापासून ५० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी कापड वेळेवर हाती येत नाही. पुरवठादार चांगला की वाईट हे कसे मोजावे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपले अंतर ५० किलोमीटरचे नाही. कापड मालेगावहून राजस्थानात जाते, तिथे रंगाईच्या रांगेत थांबते आणि परत येते. तेव्हा विणणारा आणि रंगवणारा यांचे दिवस वेगवेगळे मोजावेत, नाहीतर एकाचा उशीर दुसऱ्याच्या नावावर लिहिला जाईल. (शेतात कापूस आणि गावागावात जिनिंग असलेल्या खानदेशातल्या कारखान्याला कापडासाठी इतका लांबचा फेरा पडावा, याची खंत मला नेहमी वाटते.)

सरासरी दिवसांवर विसंबू नका. समजा, मागील दहा खेपांना अनुक्रमे १४, १५, १५, १६, १६, १७, १८, १९, २४ आणि ३१ दिवस लागले. सरासरी साडेअठरा दिवस येते, पण तेवढ्याच दिवसांचा हिशेब धरून गिऱ्हाइकाला तारीख दिली तर दहापैकी तीनदा आपला शब्द खोटा पडेल, कारण तीन खेपा त्यानंतर आल्या आहेत. दहापैकी नऊ खेपा २४ दिवसांत आल्या, म्हणून नियोजन २४ दिवसांचे करावे. दोन पुरवठादारांत निवड करताना कमी सरासरीवाल्यापेक्षा कमी चढउतार असलेला निवडावा, भले तो मीटरमागे थोडा महाग असो. दर वेळी १८ दिवसांनी देणारा माणूस १२ ते ३० दिवसांत कधीतरी देणाऱ्यापेक्षा आपल्याला स्वस्त पडतो, कारण दुसऱ्याच्या भीतीने आपण जादा कापड भरून ठेवतो.

कापड आल्यावर कात्री लावण्यापूर्वी ताक्याची लांबी, पन्हा (रुंदी), रंगाची छटा आणि आकस (धुतल्यावर कापड आखडण्याचे प्रमाण) तपासून लिहावे. ५८ इंच सांगितलेला पन्हा ५६ इंच भरला तर जवळपास साडेतीन टक्के कापड कमी मिळाले, आणि ते बिलात कुठेही दिसत नाही. आकसासाठी कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवावे, वाळवावे व पुन्हा मोजावे, ४८.५ सेंटिमीटर भरले तर आकस ३ टक्के. सुती गाऊनमध्ये ही तपासणी वगळली तर तक्रार पहिल्या धुण्यानंतर येते, तेव्हा कापडवाल्याला सांगण्यासारखे आपल्या हाती काही उरत नाही. विणकामातल्या दोषांसाठी चार गुणांची पद्धत वापरतात : ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ३ ते ६ इंचांना २, ६ ते ९ इंचांना ३ आणि त्याहून मोठ्याला ४, आणि १०० चौरस यार्डांमागे ४० गुणांपर्यंतचे कापड सामान्यतः स्वीकारले जाते. प्रत्येक ताका तपासणे जमणार नाही. दर खेपेतले दहापैकी एक-दोन ताके तपासा आणि निकाल पुरवठादाराला दर वेळी कळवा, चांगला असेल तरीही.

प्रश्न : हे सगळे मोजण्यासाठी संगणकीय प्रणाली घ्यावी का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आधी एक पूर्ण हंगाम वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये मोजा. ज्या कारखान्यात बंडलावर चिठ्ठी लागत नाही, तिथे संगणकातही अंदाजच भरले जातात. वहीतली नोंद नियमित झाली की कोणती प्रणाली हवी हे आपणच विक्रेत्याला सांगू शकाल.

प्रश्न : आमच्या बचत गटातील महिला नंदुरबारजवळ जॉबवर्कवर शिलाई करतात. ठेकेदार म्हणतात, तुम्ही उशीर करता आणि माल सदोष देता. आम्ही आमच्या बाजूने काय मोजावे?
— एका महिला बचत गटाच्या वतीने, नंदुरबार जिल्हा

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण साखळीची कामगिरी जवळजवळ नेहमी वरच्या टोकाकडून मोजली जाते आणि दोष खालच्या टोकाला लागतो. शालेय वर्ष २०२४-२५ मध्ये शासकीय गणवेशांची शिलाई राज्यभर महिला बचत गटांकडे देण्यात आली होती आणि पुढे ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. त्यामुळे आपल्यासारख्या अनेक गटांकडे आज यंत्रे आणि हातोटी आहे, पण नोंदी नाहीत.

कापलेला माल आला त्या दिवशी तो मोजून, कमी असलेले भाग व सामान चलनावर लिहून त्यावर ठेकेदाराच्या माणसाची सही घ्यावी. कामाचे दिवस त्या तारखेपासून नव्हे, तर शेवटची कमी वस्तू मिळाली त्या तारखेपासून मोजावेत. कॉलरचे कॅनव्हास (आतले ताठ कापड) सहा दिवस उशिरा आले असेल तर ते सहा दिवस आपले नाहीत, आणि हे वाद घालून नव्हे, सहीचे चलन दाखवून सांगता येते. परत आलेल्या मालाचे दोन ढीग करावेत : टाका सुटणे, पट्टी वाकडी होणे, बटण ढिले राहणे हे शिलाईचे दोष; आणि बाह्या कमीजास्त मापाच्या, दोन भागांची छटा वेगळी, कापडातच भोक हे कटिंगचे किंवा कापडाचे दोष. दर १०० नगांमागे दोन्हींची संख्या लिहिली की चर्चेला नेमका आधार मिळतो, आणि पहिल्या ढिगातले दोष ज्या शिवणीत जास्त येतात तिचा सराव गटात घेता येतो.

याशिवाय, एका नगाला किती रुपये मिळतात याबरोबर एका तासाला किती पडले, हे प्रत्येकीने आठवडाभर लिहून पाहावे. दोऱ्याचा खर्च, वीज, यंत्राची दुरुस्ती आणि माल आणण्या-पोहोचवण्याचे भाडे वजा करून हा आकडा काढावा, दुरुस्तीसाठी परत आलेल्या नगांवर गेलेला वेळही धरावा. पुढच्या हंगामाचा दर ठरवताना हा हिशेब आणि चलनांची फाइल सोबत घेऊन जा, आणि दर नगावर ठरला तरी कटिंगच्या दोषामुळे होणाऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे मिळतील, हे एप्रिलपूर्वी लिहून घ्या.